वर्दी कोणाची?

जुलै 2025 मधली गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक चहा घेत बसलो होतो. एका सहकारी सरांनी मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की, न्यूकॅसल शहरात 2024 साली निघालेल्या प्राइड मोर्चात नॉर्थम्ब्रिया पोलिसांनी वर्दी घालून सामील होणे बेकायदेशीर होते. प्राइड म्हणजे समलिंगी, तृतीयपंथी आणि त्यांच्यासारख्या इतर लोकांनी आपल्या अस्तित्वासाठी आणि हक्कांसाठी काढलेली मिरवणूक. बातमी ऐकताच सर म्हणाले, "बहोत अच्छा हुआ." आणि खरे सांगायचे तर माझ्याही तोंडून "बरोबरच आहे" असे निघून गेले.

आमच्यात एक आपा आहेत, निवृत्तीला आलेल्या. त्या फारसे बोलत नाहीत. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "क्यूँ बरोबर है बेटी? पुलिसवाला वर्दी में था इसलिए, या वो लोग वैसे हैं इसलिए?"

घंटा झाली. सगळे आपापल्या वर्गावर गेले. सातवीच्या मुलांना मी नागरिकशास्त्र शिकवत होते. पण माझे निम्मे लक्ष आपांच्या प्रश्नाकडे होते. कारण उत्तर मला ठाऊक होते आणि ते मला आवडलेले नव्हते. निकालामागचे कायद्याचे कारण मी वाचलेसुद्धा नव्हते. माझे 'बरोबरच आहे' हे वर्दीबद्दल नव्हते, त्या माणसांबद्दल होते. न्यायाच्या नावाखाली माझ्या मनातली नापसंती बोलली होती.

म्हणून हा लेख. समलिंगी संबंधांविषयी आपल्या समाजाची धार्मिक भूमिका काय आहे, हे वाचकांना मी सांगायची गरज नाही आणि त्या वादात मला इथे शिरायचेही नाही. माझ्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. सरकारने दिलेली वर्दी घालून सरकारी नोकराने एखाद्या समूहाच्या मोर्चात चालावे का? आणि या प्रश्नाचे जे उत्तर आपण द्यायचे, ते तो समूह कोणता हे पाहून द्यायचे की न पाहता?

आधी निकालाविषयी. न्यायालयात गेलेली व्यक्ती कोणी कर्मठ पाद्री नव्हती, की कुठल्या धर्मरक्षक संघटनेचा पुढारी नव्हता. ती स्वतः एक समलिंगी स्त्री होती. हे कळल्यावर आमच्या सरांना आश्चर्य वाटले, मलाही वाटले. तिचे म्हणणे असे की, स्त्री आणि पुरुष हा भेद शरीराचा आहे, तो मनाच्या भावनेने बदलत नाही; आणि प्राइडचे आजचे आयोजक याच्या नेमके उलट मत मांडतात. हा वाद ब्रिटनमध्ये कित्येक वर्षे धुमसतो आहे. त्यात एका बाजूने मानलेल्या झेंड्याचे रंग लावून, वर्दीतल्या पोलिसांनी मोर्चात चालायचे, पोलिसांच्या गाडीलाही ते रंग द्यायचे, म्हणजे पोलीस एका पक्षाला जाऊन मिळाले असे दिसणार. उद्या या दोन बाजूंमध्ये तंटा झाला तर मी तक्रार कोणाकडे न्यायची? न्यायमूर्ती लिंडेन यांनी हे म्हणणे मान्य केले. पोलिसांनी निःपक्षपाती असून भागत नाही, ते तसे दिसलेही पाहिजेत, असा त्या निकालाचा गाभा होता. मोर्चाला संरक्षण द्यावे की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. बंदोबस्त हे पोलिसांचे कामच आहे. प्रश्न होता तो मोर्चाच्या बाजूने उभे राहण्याचा आणि मोर्चात चालण्याचा. यांतले पहिले कर्तव्य, दुसरी ग्वाही.

ब्रिटनमध्ये पोलीस शिपाई कामावर रुजू होताना शपथ घेतो. त्या शपथेत निःपक्षपातीपणा आहे आणि त्याच वाक्यात सर्व लोकांना समान आदर देण्याचे वचनही आहे. नॉर्थम्ब्रियाच्या पोलीसप्रमुखांना वाटले, मोर्चात चालून आपण दुसरे वचन पाळतो आहोत. न्यायालयाने सांगितले, ते पाळताना पहिले मोडले. एकाच शपथेतले दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहावेत, हीच या प्रश्नाची खरी अडचण आहे. म्हणून तो चहा पिता पिता निकालात काढण्यासारखा नाही.

या वर्दीचा इतिहास पाहिला तर अडचण आणखी वाढते. न्यूयॉर्कमध्ये 28 जून 1969 रोजी पोलिसांनी स्टोनवॉल नावाच्या मद्यगृहावर छापा घातला आणि तिथे जमणाऱ्या समलिंगी लोकांनी प्रथमच मोठ्या संख्येने प्रतिकार केला. प्राइडच्या मिरवणुका त्या घटनेच्या आठवणीत सुरू झाल्या. म्हणजे त्यांचा जन्मच वर्दीच्या विरोधात झाला. सिडनीत 24 जून 1978 रोजी असाच मोर्चा निघाला, तेव्हा पोलिसांनी 53 जणांना अटक केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1967 पर्यंत दोन प्रौढ पुरुषांमधले खाजगी संबंधही गुन्हा होते. संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या अ‍ॅलन ट्युरिंग यांना 1952 मध्ये याच कायद्याखाली शिक्षा झाली होती.

त्यानंतरचा काळ आला तो वर्दीच्या आतल्या माणसांचा. पोलिसांत आणि सैन्यातही समलिंगी लोक होतेच. ते गप्प होते. न्यूयॉर्कच्या समलिंगी पोलिसांनी 1982 मध्ये आपली संघटना काढली आणि वर्दीत मोर्चात चालता यावे यासाठी 1996 मध्ये त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. ब्रिटनच्या सैन्यात समलिंगी असणे हे जानेवारी 2000 पर्यंत नोकरीवरून काढण्याचे कारण होते. 1999 साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने कान उपटल्यावर ती बंदी उठली आणि 2008 मध्ये तिथल्या लष्कराचे सैनिक लंडनच्या प्राइडमध्ये वर्दी घालून चालले. अमेरिकेत सैनिकाने आपली ओळख उघड करू नये असा कायदा होता, तो 20 सप्टेंबर 2011 रोजी संपला. त्याच्या आदल्या जुलैत सॅन डिएगोच्या मिरवणुकीत सैनिक साधे टी-शर्ट घालून चालले होते. जुलै 2012 मध्ये संरक्षण खात्याने त्याच मिरवणुकीसाठी, तेवढ्या वर्षापुरती, वर्दी घालायची परवानगी दिली. एरवी तिथला नियम असा की, राजकीय स्वरूपाच्या कार्यक्रमात वर्दी घालायची नाही.

ज्याने आयुष्यभर आपली एक ओळख लपवून नोकरी केली, त्याला ती वर्दी घालून आपल्या माणसांत चालताना काय वाटले असेल? मी कल्पना करू शकते. आपल्या मोहल्ल्यातला एखादा मुलगा फौजदार होऊन पहिल्यांदा गल्लीत येतो, तेव्हा त्याची अम्मी दारात उभी राहून आधी त्याच्या खांद्यावरचे तारे पाहते, मग त्याचा चेहरा. ते तारे तिला सांगतात की, या राज्यात तुलाही जागा आहे. समलिंगी पोलिसाच्या वर्दीने त्याच्या माणसांना हेच सांगितले असणार. या भावनेला मी हसणार नाही.

पण इतिहास इथे थांबला नाही. पुढे मोर्चातल्या लोकांनीच वर्दीला 'नको' म्हटले. टोरांटोच्या मिरवणुकीत 2016 मध्ये कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी मोर्चा अडवून धरला. त्यांच्या मागण्यांत पोलिसांचे चित्ररथ नकोत ही एक होती. जानेवारी 2017 मध्ये आयोजक संस्थेच्या सभासदांनी त्या मागण्या मान्य केल्या. जानेवारी 2019 मध्ये पोलिसांना परत घ्यावे का यावर मतदान झाले, तेव्हा 163 विरुद्ध 161 अशा केवळ दोन मतांनी पोलीस बाहेर राहिले. ऑकलंडमध्ये 2018 च्या अखेरीस आयोजकांनी पोलिसांना सांगितले, या, पण वर्दीत नको. पोलिसांनी येण्याचेच नाकारले, त्यांच्या पाठोपाठ सैन्यदल आणि अनेक प्रायोजकही मागे हटले आणि नेहमीची मिरवणूक रद्द झाली. न्यूयॉर्कच्या आयोजकांनी मे 2021 मध्ये पोलिसांच्या पथकांना 2025 पर्यंत मनाई केली. लंडनच्या आयोजकांनी 2022 मध्ये वर्दी नको असे कळवले. सिडनीत फेब्रुवारी 2024 मध्ये एका तरुण जोडप्याच्या खुनाचा आरोप एका पोलिसावर आला, तेव्हा त्या वर्षी पोलीस वर्दीविना, साध्या कपड्यांत चालले.

म्हणजे पाहा. आधी सरकार म्हणाले, वर्दी घालून तिकडे जायचे नाही. मग सरकार म्हणाले, जा. मग मोर्चावाले म्हणाले, वर्दी बाहेर ठेवून या. आणि शेवटी न्यायालय म्हणाले, हे कायद्यात बसत नाही. वर्दी तीच, पण तिच्याकडे पाहणारे डोळे प्रत्येक वेळी वेगळे.

टोरांटोविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते आपल्यापर्यंत येऊन पोचते. तिथे समलिंगी लोकांच्या वस्तीतून 2010 पासून पुरुष बेपत्ता होत होते. लोक पोलिसांना सांगत होते की, कोणीतरी आमच्या माणसांना मारतो आहे. डिसेंबर 2017 मध्ये पोलीसप्रमुखांनी, असा कोणी एक खुनी असल्याचा पुरावा नाही, असे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात एका माणसाला अटक झाली आणि 2019 मध्ये त्याने आठ खुनांची कबुली दिली. मेलेल्यांत बहुतेक अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान, श्रीलंका अशा देशांतून आलेले होते. त्यांतले काही मुसलमान घरांतले होते, आपले एक आयुष्य घरापासून लपवून जगणारे. ते बेपत्ता झाले तेव्हा त्यांच्यासाठी मोठ्याने ओरडणारे कोणी नव्हते. पोलिसांनी ऐकले नाही आणि आपल्यासारख्यांच्या समाजाने तर त्यांना आधीच ऐकणे बंद केले होते. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. 'वो लोग' म्हणताना आपण ज्यांना दूर लोटतो, त्यांत एखादा अब्दुल, एखादा सलीम असतो आणि त्याचीही एक अम्मी असते.

लंडनमध्येही असेच घडले. 2014 आणि 2015 मध्ये शहराच्या पूर्व भागात चार तरुणांचा एकाच माणसाने खून केला. मित्र आणि नातेवाईक संशय सांगत होते. पोलिसांनी ते मृत्यू खून मानलेच नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये चौकशीच्या ज्युरीने निर्णय दिला की, पोलिसांच्या चुकांमुळे यांतले शेवटचे तिघे बहुधा मेले. म्हणजे ते कदाचित वाचले असते. मार्च 2023 मध्ये बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने लंडनच्या पोलीस दलात वंशद्वेष, स्त्रीद्वेष आणि समलिंगींविषयीचा द्वेष संस्थेतच मुरलेला आहे असे स्पष्ट म्हटले. आणि या काळातल्या अनेक वर्षी हेच दल प्राइडमध्ये वर्दी घालून, हसतमुखाने चालत होते.

इथे मला माझ्या प्रश्नाचा एक धागा सापडला. मिरवणुकीत चाललेली वर्दी न्यायाची हमी देत नाही. ठाण्यात रात्री दोन वाजता एखादी आई येते आणि सांगते की, माझा मुलगा घरी आला नाही. तेव्हा ठाणे अंमलदार वही उघडतो की जांभई देतो, तिथे वर्दीची परीक्षा असते. मुलाचा मित्र कोण, तो कोणत्या वस्तीत जात होता, त्याचे नाव काय, हे कळल्यावरही त्याच्या लिहिण्याचा वेग कमी होत नसेल तर ती वर्दी सर्वांची. रंगीत झेंड्याने ही परीक्षा पास होत नाही. फार तर ती टळते.

आता माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. आम्हा शिक्षकांना वर्दी नाही. पण निवडणुकीच्या दिवशी गळ्यात एक ओळखपत्र येते आणि त्या दिवसापुरते आम्ही वर्दीतलेच असतो. एका निवडणुकीत मी मतदान अधिकारी होते. बोटाला शाई लावण्याचे काम माझ्याकडे. केंद्र माझ्या गावापासून लांब, तिथे मला ओळखणारे कोणी नाही. दुपारी एक वृद्ध खाला काठी टेकत आल्या. त्यांनी माझ्या डोक्यावरची ओढणी पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हायसे वाटल्याचे दिसले. मी शाई लावत असताना त्यांनी माझा हात धरला आणि हळूच विचारले, "बेटी, किसपे दबाऊँ?"

मागे रांग होती. समोर पोलिंग एजंट बसले होते. मी म्हटले, "खाला, वो मैं नहीं बता सकती. आप जिसको चाहो." त्यांचा चेहरा उतरला. माझ्याच पोरीने मला परके केले, असे काहीसे त्यांच्या डोळ्यांत होते. त्या गेल्या. मला दिवसभर वाईट वाटत राहिले. आज विचार करते, मी ओढणी काढून बसायला हवे होते का? मुळीच नाही. ओढणी माझी आहे. ती घातल्याने शाई कोणाच्या बोटाला कमी-जास्त लागत नव्हती. पण मी त्या खालांना एक चिन्ह जरी सांगितले असते, तर मी जी खुर्ची सांभाळत होते ती खुर्ची मी एका पक्षाला देऊन टाकली असती. आणि ती खुर्ची माझी नव्हतीच. ती अमानत होती.

मला वाटते, वर्दीच्या प्रश्नातही हीच रेघ ओढावी लागेल. माणूस जो आहे तो वर्दीतही असणारच. लंडनच्या पोलिसांनी 2001 मध्ये मुस्लिम महिला पोलिसांना वर्दीसोबत हिजाब घालायची परवानगी दिली. स्कॉटलंडच्या पोलिसांनी 2016 मध्ये तो अधिकृतपणे वर्दीचा भाग मानला. याचा आपल्याला आनंद झाला आणि तो योग्य होता. आपल्याकडे मात्र 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलातील एका मुस्लिम जवानाला दाढी ठेवण्याचा हक्क नाकारला. आपल्याच राज्याच्या राखीव पोलीस दलातील एका जवानाचे दाढीचे प्रकरणही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेव्हा आपण काय म्हणत होतो? वर्दीखालचा माणूस पुसून टाकू नका. त्याच्या दाढीने त्याचे कर्तव्य कमी होत नाही, असे म्हणत होतो. मग हाच न्याय समलिंगी पोलिसालाही लागू नको का? तो तसा आहे हे सहकाऱ्यांना माहीत असावे, त्याची बढती अडू नये, त्याला गप्प बसावे लागू नये. हे मान्य करायला मला माझी धार्मिक मते बदलावी लागत नाहीत. फक्त मी माझ्या दाढीवाल्या भावासाठी जे मागते, ते दुसऱ्याला नाकारायचे नाही, एवढेच.

पण वर्दीतला माणूस दिसणे निराळे आणि वर्दी एखाद्या मोर्चाला वाहून टाकणे निराळे. दाढी ठेवलेला शिपाई आणि वर्दीत जुलूसमध्ये घोषणा देणारा शिपाई यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. पहिला स्वतःविषयी सांगतो. दुसरा राज्याच्या वतीने बोलतो आणि राज्याने त्याला तसे बोलायला सांगितलेले नसते. किंवा सांगितले असले तर ते आणखी वाईट. मग राज्यानेच पक्ष घेतलेला असतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, बाई, तुमचा निःपक्षपातीपणा सोयीचा आहे. ज्यांच्यावर पोलिसांनी पन्नास वर्षे काठ्या चालवल्या, त्यांच्या आणि ज्यांच्यावर कधीच चालवल्या नाहीत त्यांच्या मध्ये समान अंतरावर उभे राहणे म्हणजे समानता नव्हे. अन्याय करणाऱ्यानेच पुढे होऊन दोन पावले चालायला हवे. वर्दीत चालणे ही एक प्रकारे माफी आहे. मी या म्हणण्यावर पुष्कळ विचार केला. दंगलीनंतर आपल्या मोहल्ल्यात एखादा पोलीस अधिकारी येऊन बसला, चहा प्याला, तर आपल्यालाही बरे वाटतेच की. त्याच्या त्या चहाने मेलेले परत येत नाहीत, तरी बरे वाटते.

पण माफी मागण्याचे रस्ते दुसरे आहेत. न्यूयॉर्कच्या पोलीसप्रमुखांनी जून 2019 मध्ये स्टोनवॉलच्या छाप्याबद्दल जाहीर माफी मागितली. सिडनीतल्या 1978 च्या वागणुकीबद्दल 2016 मध्ये तिथल्या पोलिसांनी माफी मागितली. ती माफी स्वतःच्या चुकीची होती. तिने कोणत्याही वादात बाजू घेतली नाही. शिवाय ज्याची माफी मागायची त्याला ती कशी हवी हेही पाहावे लागते. टोरांटोत आणि लंडनमध्ये तर तेच लोक म्हणत होते की, तुमची वर्दी पाहून आमच्यातल्या काहींच्या छातीत धडधडते. अशा वेळी वर्दीचा आग्रह धरणे ही माफी कशी?

आता आपल्या अंगणात येते. हा नियम आपण दूरच्या लोकांसाठी मान्य केला, तो जवळ आला की काय होईल? रमजानमध्ये वर्दीतला अधिकारी इफ्तारला आला की आपण त्याचा फोटो काढतो, शाल घालतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवतो. तोच अधिकारी वर्दीत गणपतीच्या आरतीला उभा राहिला की आपल्यातल्या काहींच्या कपाळाला आठी पडते. हिंदू शेजाऱ्यांचे नेमके उलट होते. दोघांनाही वर्दी आपल्याकडे हवी असते, दुसऱ्याकडे गेलेली नको असते. 28 सप्टेंबर 2023 रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आल्या. आपल्या लोकांनी समजूतदारपणे जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. असे समझोते ज्या शांतता समितीच्या बैठकीत होतात, तिथे टेबलाच्या मधोमध बसलेला अधिकारी कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा आहे, असे दोन्हीकडच्यांना वाटावे लागते. त्याच्या वर्दीवर एका बाजूचा गुलाल किंवा दुसऱ्या बाजूचा हिरवा पट्टा असता तर ती बैठक झालीच नसती. न्यूकॅसलच्या खटल्यातील बाईंची भीती हीच होती. ती भीती आपल्याला शिकवावी लागत नाही. अल्पसंख्याक म्हणून ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे.

इफ्तार आणि प्राइड यांत फरक आहे, असे कोणी म्हणेल. दस्तरखानावर बसणे म्हणजे मोर्चा नव्हे. मान्य आहे. अधिकारी सर्वांच्या दारी जात असेल, कोणाच्या मागणीचा फलक हाती घेत नसेल, तर ती भेट आहे, पक्ष नव्हे. पण मग मोजमाप तेच ठेवा. समलिंगी लोकांच्या सभेत जाऊन त्यांच्या तक्रारी ऐकणारा वर्दीतला अधिकारीसुद्धा तेवढाच योग्य मानावा लागेल. मागणी मांडणाऱ्या मोर्चात वर्दी चालणार नाही, तर ती आपल्याही मोर्चात चालणार नाही.

आणि हा प्रश्न आपल्या राज्यात येणारच नाही अशा भ्रमात राहू नये. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी दिला. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्य सरकारने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी वेगळा पर्याय ठेवण्याचे कबूल केले. उद्या एखादी तृतीयपंथी शिपाई विचारील, मुंबईच्या प्राइडमध्ये मी खाकी घालून येऊ का? तेव्हा तिला उत्तर द्यावे लागेल. माझे उत्तर आहे, बहिणी, तू ये. सुट्टी घे, तुझ्या कपड्यांत ये, आणि त्याबद्दल तुला कोणी नोटीस दिली तर आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू. खाकी मात्र ठाण्यात राहू दे. कारण उद्या ज्याला तुझा मोर्चा आवडत नाही, तोही त्याच्या मुलीची तक्रार घेऊन तुझ्यासमोरच येणार आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम 1979 सरकारी नोकराला राजकीय पक्षापासून दूर ठेवतात. आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनाही असेच नियम आहेत. पण नियम जिथे संपतात, तिथून पुढे नीयत सुरू होते.

या नीयतीचीच परीक्षा आपांनी घेतली होती. एखाद्या समूहाविषयीच्या वैरामुळे न्यायापासून ढळू नका, ही ताकीद आपण जुम्म्याच्या खुतब्यात कितीतरी वेळा ऐकली आहे. आपण ती नेहमी दुसऱ्याने आपल्याशी कसे वागावे यासाठी ऐकतो. ती आपल्यालाही उद्देशून आहे, हे लक्षात यायला मला इंग्लंडमधला एक निकाल आणि स्टाफरूममधला एक प्रश्न लागला.

काही दिवसांनी मी आपांना गाठले. म्हटले, "आपा, निकाल बरोबर आहे असे मला अजूनही वाटते. पण त्या दिवशी मी जे म्हटले ते चुकीचे होते."

त्या हसल्या. म्हणाल्या, "एक ही बात दो बार बोली तूने. पहली बार ग़लत, दूसरी बार सही." मग पर्स उघडून त्यांनी चष्मा काढला आणि वह्या तपासायला घेतल्या. थोड्या वेळाने मान वर न करताच पुढे म्हणाल्या, "लेकिन अपनी जुलूस में पुलिसवाला आया, तो भी यही बोलना."

बोलेन म्हणाले आहे. वेळ आल्यावर जमेल की नाही, ते तेव्हा कळेल.